उघड्यावर गंजणाऱ्या वाफेच्या इंजिनांविषयी रेल्वे मंडळास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य, रेल्वे मंडळ, नवी दिल्ली
तसेच सर्व क्षेत्रीय रेल्वेंचे माननीय महाव्यवस्थापक

विषय : स्थानके, कारखाने व कार्यालये यांच्या आवारात मांडलेल्या वाफेच्या इंजिनांचे जतन

महोदय,

आमच्या तालुक्यातील एका रेल्वे स्थानकासमोर चौथऱ्यावर उभे असलेले नॅरोगेजचे, म्हणजे अरुंद रुळांवरचे, वाफेचे इंजिन तेथून हलवले जाणार आहे. स्थानकाच्या पुनर्विकासात त्या जागी वाहनतळ होणार असल्यामुळे ठेकेदाराला जागा मोकळी हवी आहे. इंजिन कोठे नेणार, कोणत्या पद्धतीने उचलणार आणि नेल्यावर ते कोणाच्या जबाबदारीवर राहणार, असे तीन प्रश्न मी आणि गावातील काही निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांनी लेखी विचारले होते. लेखी उत्तर आले नाही. तोंडी एवढेच कळले की तूर्त ते यार्डाच्या टोकाला ठेवले जाईल आणि उचलताना अडचण आली तर टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा, गॅस कटरने कापून वेगळे करावे लागेल.

त्या स्थानकाचे नाव मी मुद्दाम देत नाही. तेथील अधिकाऱ्यांना दोष देण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. गाड्या वेळेवर चालवणे, प्रवाशांची सोय पाहणे आणि बांधकामावर लक्ष ठेवणे हे त्यांचे काम आहे. शंभर वर्षांपूर्वीचा बॉयलर कसा राखावा याचे ज्ञान त्यांच्याकडे असेलच असे नाही आणि ते त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी वरच्यांची आहे. शिवाय एका स्थानकापुरता हा प्रश्न असता, तर मी तो तेथल्या तेथेच मांडत राहिले असते. देशभर स्थानकांसमोर, कारखान्यांच्या दारात आणि कार्यालयांच्या हिरवळीवर जी इंजिने मांडलेली आहेत, त्यांतील मी पाहिलेली बहुतेक इंजिने उघड्यावरच आहेत. म्हणून हे पत्र आपल्याला, आणि आपल्यासोबत सर्वांनाच वाचण्यासाठी, उघडपणे लिहीत आहे.

माझे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात बॉयलरमेकर होते. आमच्या भागातली नॅरोगेजची बार्शी लाइट रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजी सरकारच्या ताब्यात आली, त्यानंतर काही वर्षांनी ते नोकरीस लागले आणि वाफेचे दिवस सरत आले तेव्हा निवृत्त झाले. त्यांचे काम इंजिनाच्या पोटात शिरून करायचे होते. विझवलेल्या, पण पुरत्या न निवलेल्या भट्टीत उतरायचे, आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यांना एकमेकांशी धरून ठेवणारे स्टे हातोडीने एकेक करून वाजवायचे आणि ज्याचा आवाज बद्द येईल तो तुटला असे समजून त्यावर खडूने खूण करायची. हे काम चुकले तर पुढच्या फेरीत ड्रायव्हर आणि फायरमन यांच्या जिवावर बेतू शकते, हे ते आम्हा मुलांना वारंवार सांगत. मी पुढे माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवले. उष्णतेचे गतीत रूपांतर कसे होते हे फळ्यावर काढून दाखवण्यापेक्षा वर्गच त्या चौथऱ्यापाशी नेणे मला नेहमी सोपे वाटले. सिलिंडर, पिस्टनचा दांडा, क्रॉसहेड, कनेक्टिंग रॉड, चाक अशी साखळी तेथे बोट ठेवून दाखवता येते. डिझेल आणि विजेच्या इंजिनांत सगळे झाकलेले असते. वाफेच्या इंजिनात काम डोळ्यांसमोर उघडे असते. तालुक्याच्या ठिकाणी मुलांना असे दुसरे कोणते यंत्र हात लावून पाहता येते?

ही इंजिने केवळ जुनी आहेत म्हणून ती राखावीत असे माझे म्हणणे नाही. ती या देशातील एका सरकारी उद्योगाचा पुरावा आहेत आणि हा पुरावा आपण पूर्वीही गमावलेला आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली, तेव्हा तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने जोडलेली होती. ही नावे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही पाठ असतात. पण त्या तिघांपैकी एकही इंजिन आज दाखवता येत नाही. याउलट ‘फेअरी क्वीन’ टिकली. लीड्सच्या किटसन, थॉम्पसन अँड हेविटसन कारखान्यात १८५५ साली बनलेले ईस्ट इंडियन रेल्वेचे हे इंजिन १९०९ साली सेवेतून निघाले, पण भंगारात गेले नाही. १९९७ साली ते पुन्हा वाफेवर धावले आणि जगातील सर्वांत जुने चालते वाफेचे इंजिन म्हणून १९९८ साली त्याची नोंद झाली. कोणीतरी ते ठेवायचे ठरवले, म्हणून ते राहिले. साहिब, सिंध आणि सुलतान यांच्याबाबत कोणी तसे ठरवले नाही.

इंजिनांचा हा इतिहास फक्त परदेशी कारखान्यांचाही नाही. अजमेरच्या कारखान्याने १८९५ साली एफ-७३४ हे मीटरगेजचे इंजिन बांधले. हिंदुस्थानात बांधलेले ते पहिले इंजिन, आणि ते सुदैवाने दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. स्वातंत्र्यानंतर चित्तरंजनला कारखाना उभा राहिला, १ नोव्हेंबर १९५० रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ‘देशबंधू’ हे डब्ल्यूजी वर्गातले पहिले इंजिन राष्ट्राला अर्पण झाले आणि १९७२ साली वाफेच्या इंजिनांची बांधणी थांबेपर्यंत तेथून २,३५१ इंजिने बाहेर पडली. जमशेदपूरच्या टेल्को या टाटांच्या कंपनीनेही मीटरगेजची इंजिने बांधली. टोकदार नाकावर तारा मिरवणारी डब्ल्यूपी आणि मालगाड्या ओढणारी डब्ल्यूजी ही इंजिने आपल्याकडच्या कमी प्रतीच्या कोळशावर चालावीत, अशा बेताने आखलेली होती. पोलाद, कोळसा, धरणे यांच्याबरोबरीने नव्या देशाने स्वतःसाठी काय उभे केले, हे सांगणारी ही यंत्रे आहेत. ती हजारोंनी बनली, म्हणूनच एखादे गेले तर काय बिघडले असे वाटत राहिले. ब्रॉडगेजवरची वाफेची शेवटची नियमित गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजी धावली. त्यानंतर इंजिने कापण्याचा वेग पाहता, आज जी उरली आहेत त्यांतील प्रत्येक मोजून सांभाळायला हवे.

आमच्या भागाचा विचार केला तर ही निकड अधिकच जाणवते. ब्रिटिश अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी आखलेली अडीच फुटी गेजची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचली. एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये, म्हणजे हलके रूळ वापरता येतील, असा कॅल्थ्रॉप यांचा हिशेब होता. त्यासाठी चार जोडी चाकांवर वजन वाटून देणारी खास इंजिने लीड्सच्या किटसन कंपनीने बनवली. फेअरी क्वीन ज्या घराण्यातून आली, त्याच कारखान्याची ही पुढची पिढी. दुष्काळी मुलखातील कापूस, धान्य आणि आषाढी-कार्तिकीचे वारकरी यांना या गाडीने नेले. पुढे सगळा मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला, ते योग्यच झाले. लातूरच्या माणसाला मुंबईला जायला गाडी बदलावी लागू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण रूळ गेले, पूल बदलले, जुनी स्थानके पाडली गेली. त्या साऱ्या व्यवस्थेतले हातात धरण्यासारखे आता इंजिनेच उरली आहेत. विदर्भातही तसेच आहे. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणाऱ्या ‘शकुंतला’ या नॅरोगेज गाडीला १९९४ सालापर्यंत मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन होते. नागपूरला मोतीबागेत २००२ साली नॅरोगेज संग्रहालय उघडले, त्यामुळे बंगाल-नागपूर रेल्वेच्या छोट्या गाड्यांची आठवण तरी एका कुंपणाच्या आत सुरक्षित आहे. बार्शी लाइनच्या वाट्याला असे संग्रहालय आलेले नाही.

आता तक्रारी मांडते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार छपराची आहे. वाफेचे इंजिन चालत होते तेव्हाही ते पावसात उभे राहत होते, मग आता काय झाले, असे मला एका बैठकीत विचारण्यात आले. चालत्या इंजिनाचा बॉयलर तापलेला असतो, त्यावर पडलेले पाणी वाळून जाते, रोज कोणीतरी तेल घालते, राख काढते, ठराविक मुदतीने बॉयलर धुतला जातो. थंड पडलेल्या इंजिनात यातले काहीच होत नाही. चिमणी उघडी असेल तर पावसाचे पाणी थेट स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे चिमणीखालच्या धुराच्या पेटीत, उतरते. तेथे तळाशी राहिलेल्या राखेत गंधकाची संयुगे असतात. पाण्याशी मिळून त्यांचे आम्ल बनते आणि ते तळाचा पत्रा खात जाते. बॉयलर आणि त्याच्या बाहेरचे पातळ पत्र्याचे आवरण यांच्यामध्ये उष्णता अडवणारा थर असतो. एकदा पाणी त्यात शिरले की तो ते महिनोन्महिने धरून ठेवतो, त्यामुळे वरचे आवरण रंगवलेले आणि चकचकीत दिसत असतानाही आतला बॉयलर कुजत असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून रिव्हेट मारलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत तो वाढला की पत्रे एकमेकांपासून दूर ढकलले जातात आणि शेवटी रिव्हेटची डोकी उडतात. टेंडरची पाण्याची टाकी तळातून जाते. चाके काँक्रीटमध्ये बसवली असतील तर त्यांच्या कडेला पाणी साचून राहते. काही ठिकाणी इंजिनाभोवती बाग केली आहे आणि हिरवळीसाठी लावलेल्या फवाऱ्याचे पाणी उन्हाळ्यातही इंजिनावर पडत असते. कोकणच्या किनाऱ्यावर किंवा मुंबईत असेल तर खारी हवा हे सगळे आणखी लवकर घडवून आणते.

यातील बरेचसे नुकसान थांबवायला मोठे तंत्रज्ञान लागत नाही. चिमणीवर झाकण, स्मोकबॉक्सची पूर्ण सफाई, पाणी बाहेर जाण्यासाठी खालची भोके मोकळी ठेवणे, फिरत्या भागांना ग्रीस आणि वर एक उंच, चारी बाजूंनी वारा खेळणारे छप्पर एवढ्याने एखाद्या इंजिनाचे आयुष्य कितीतरी वाढते. नवीन स्थानकांवर आपण फलाटांना, पुलांना, वाहनतळांनाही छप्पर देत आहात. त्याच आराखड्यात इंजिनावरचे छप्पर बसवायला वेगळी योजना लागत नाही.

दुसरी तक्रार रंगरंगोटीची. एखाद्या मान्यवराच्या भेटीपूर्वी इंजिनाला घाईघाईने रंग दिला जातो, हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे. गंज न खरवडता त्यावर ऑइलपेंट चढवला जातो. कनेक्टिंग रॉड आणि कपलिंग रॉड चंदेरी रंगाने रंगवले जातात, तेल घालण्याच्या वाट्या रंगाने बुजतात, आणि बांधणाऱ्या कारखान्याचे नाव व साल कोरलेली पितळी पाटी रंगाखाली अदृश्य होते. मूळ रंग कोणता होता, त्यावर कोणत्या रेल्वेची अक्षरे होती, याची नोंद न करता दिलेला प्रत्येक थर इंजिनाचा एक दस्तऐवज पुसतो. ज्या कर्मचाऱ्याला हे काम सांगितले जाते तो मनापासून ते करतो. काय करू नये, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

तिसरी तक्रार हरवलेल्या भागांची. पितळी व्हॉल्व्ह, दाबमापक, पाण्याची पातळी दाखवणारी काच, शिटी, बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर, नावाच्या पाट्या या वस्तू चौथऱ्यावरच्या इंजिनांवरून एकेक करून नाहीशा होतात. जुन्या इंजिनांच्या भट्टीतले तांबे तर चोरांना आधीच ठाऊक असते. खुद्द फेअरी क्वीनचे भाग २०११ साली दिल्लीत चोरीस गेले होते आणि चेन्नईजवळच्या पेरांबूरच्या कारखान्याने तिला पुन्हा उभी केली. देशातील सर्वांत प्रसिद्ध इंजिनाची ही गत होऊ शकते, तर तालुक्याच्या स्थानकासमोरच्या इंजिनावर काय काय होते आणि आता काय उरले आहे, हे कोणत्या यादीवरून तपासायचे? आमच्या येथे अशी यादी मागितली, तेव्हा ती नव्हती.

चौथी तक्रार कागदांची आणि माणसांची आहे. लोकोशेड बंद झाल्या तेव्हा दुरुस्तीच्या नोंदवह्या, बॉयलरचे इतिहासपत्रक, मापांचे आराखडे यांतील किती जपले गेले आणि किती रद्दीत गेले, याचा हिशेब कोठेही मांडलेला माझ्या वाचनात नाही. माझ्या वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या दोन वह्या माझ्याजवळ आहेत. त्यांत पत्र्यांची जाडी, बदललेल्या ट्यूबांच्या नोंदी आणि काही जोडांच्या आकृत्या आहेत. अशा वह्या इतरही घरांत असतील. त्या वाचून समजावून सांगणारी माणसे मात्र आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. स्टेचा आवाज ओळखणे, ओल्या कोळशावर वाफ टिकवणे, चढावर किती कोळसा कोणत्या कोपऱ्यात टाकायचा, हे ज्ञान पुस्तकात पूर्णपणे उतरलेले नाही. त्यांना बोलावून विचारले तर ते आनंदाने सांगतात. मी विचारले आहे. आपल्याकडून त्यांना कोणी विचारलेले नाही, याची खंत त्यांच्या बोलण्यात येते. हे लिहिताना मला फार वाईट वाटते, कारण यातील दोघे गेल्या पावसाळ्यानंतर राहिले नाहीत.

आणखी एक गोष्ट नमूद करते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी अहमदाबाद ते एकतानगर ही वारसा गाडी सुरू झाली. तिचे इंजिन विजेवर चालते, पण बाहेरून त्याला वाफेच्या इंजिनाचे रूप दिलेले आहे. लोकांना ती आवडते आणि तिला माझा विरोध नाही. मात्र लोकांना वाफेचे इंजिन पाहायला, त्याच्यामागे बसायला हवे आहे, हे यातून रेल्वेनेच मान्य केले आहे. ज्या खात्याकडे खरी इंजिने आहेत, ती दुरुस्त करणारे कारखाने आहेत, त्या खात्याने पहिला खर्च खऱ्या इंजिनांवर करावा, ही अपेक्षा अवाजवी आहे का?

क्षमतेचा प्रश्न तर नाहीच. हरियाणातील रेवाडीची इंजिनांची जुनी शेड आपण पुन्हा उभी केली आणि तेथील ‘अकबर’सारखी डब्ल्यूपी इंजिने आजही वाफेवर चालतात. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने निलगिरीच्या डोंगरी रेल्वेसाठी या शतकात नवीन वाफेची इंजिने बांधली. असे काम करू शकणारी सरकारी रेल्वे जगात फार थोडी आहेत. दार्जिलिंगला १९९९ साली आणि निलगिरीला २००५ साली युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात तेथील वाफेच्या इंजिनांचा वाटा मोठा आहे. म्हणजे आपण हे करू शकता आणि जेथे मनावर घेतले तेथे उत्तम केले आहे. माझी तक्रार एवढीच आहे की ती काळजी काही मोजक्या ठिकाणीच पोहोचली आणि बाकीची इंजिने चौथऱ्यावर चढवली की त्यांचे जतन झाले असे मानले गेले.

प्रवाशांच्या सुरक्षेला, रुळांच्या देखभालीला आणि गर्दीच्या गाड्यांना पैसा अपुरा पडत असताना जुन्या लोखंडावर खर्च कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. तो आक्षेप प्रामाणिक आहे. मी स्वतः आयुष्यभर दुसऱ्या वर्गाने प्रवास करणारी बाई आहे आणि सुरक्षेतला एक रुपयाही इकडे वळवावा असे मी म्हणणार नाही. परंतु स्थानकांच्या सुशोभीकरणावर खर्च होतच आहे. भिंतींवर रेल्वेच्या इतिहासाची चित्रे काढली जात आहेत, वाफेच्या इंजिनाचे फायबरचे नमुनेही काही ठिकाणी उभे राहिले आहेत. त्याच खर्चातला थोडा भाग खऱ्या इंजिनाकडे जावा. आणि सगळा भार रेल्वेनेच उचलावा असेही नाही. वेल्समधील बॅरी येथील भंगाराच्या आवारात ब्रिटिश रेल्वेची इंजिने समुद्राच्या वाऱ्यात वर्षानुवर्षे पडून होती. त्यांतील २१३ इंजिने बहुतांशी सामान्य नागरिकांच्या संस्थांनी वर्गणी काढून सोडवून नेली आणि अनेक पुन्हा चालती केली. आपल्याकडेही निवृत्त कर्मचारी, अभियांत्रिकी महाविद्यालये, आयटीआय आणि हौशी अभ्यासक हे काम करायला तयार आहेत. त्यांना दार उघडून देणारा नियम हवा आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

आमच्या स्थानकासमोरचे इंजिन हलवण्याचे काम तूर्त थांबवावे. रेवाडी, गोल्डन रॉक किंवा वाफेच्या इंजिनांची माहिती असलेल्या अन्य कारखान्यातील जाणत्या माणसाने आधी त्याची पाहणी करावी, उचलण्याची पद्धत लेखी ठरवावी आणि नवी जागा छपरासह तयार झाल्यावरच ते हलवावे. इंजिन आणि टेंडर यांना जोडणारा दांडा खीळ काढून सोडवता येतो; खीळ गंजून बसली असेल तर तेल आणि ऊब देऊन धीराने सोडवता येते. गॅस कटर कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. पुनर्विकासात येणाऱ्या देशातील प्रत्येक स्थानकावरील इंजिनांना हाच नियम लागू करावा.

देशभरातील मांडलेल्या सर्व वाफेच्या इंजिनांची एक यादी रेल्वे मंडळाने प्रसिद्ध करावी. इंजिनाचा वर्ग आणि क्रमांक, बांधणारा कारखाना, साल, ते कोणत्या मार्गावर चालले, सध्या कोठे आहे, त्यावर कोणते भाग आहेत आणि त्याला जबाबदार अधिकारी कोणत्या पदावरचा आहे, एवढे तीत असावे. जबाबदारी पदाच्या नावावर असली म्हणजे बदली झाली तरी ती मागे राहते. यादी सर्वांना पाहता आली पाहिजे, म्हणजे एखादी पाटी किंवा व्हॉल्व्ह नाहीसा झाला तर लोकही कळवू शकतील.

प्रत्येक इंजिनावर छप्पर असावे. एका वर्षात सगळीकडे ते शक्य नसेल तर सर्वांत जुनी आणि आपल्या वर्गातील एकुलती एक उरलेली इंजिने आधी घ्यावीत. मात्र चिमणी झाकणे, राख काढणे आणि पाण्याला वाट करून देणे ही कामे येत्या पावसाळ्यापूर्वी सर्वत्र व्हावीत. बॉयलरच्या आवरणाखालचा थर ॲस्बेस्टॉसचा आहे का, हेही त्याच वेळी तपासावे. जुन्या इंजिनांत तो पुष्कळदा असे. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते आणि फुटलेल्या पत्र्याजवळ मुले चढून खेळतात. तो थर प्रशिक्षित माणसांकडूनच काढून घ्यावा. सफाई कामगारांना त्याला हात लावू देऊ नये.

रंग देण्यापूर्वी जुन्या थरांची आणि पाट्यांची छायाचित्रे घेऊन नोंद ठेवण्याचा आदेश काढावा, आणि इंजिनाजवळ मराठीसह स्थानिक भाषेत खरी माहिती देणारा फलक लावावा.

वाफेवर काम केलेल्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मुलाखती चित्रित करण्याचे काम प्रत्येक विभागाने या वर्षातच हाती घ्यावे. घरोघरी असलेल्या वह्या, आराखडे आणि छायाचित्रे यांच्या प्रती करून मूळ कागद कुटुंबांना परत द्यावेत. माझ्या वडिलांच्या वह्या यासाठी मी पहिल्या दिवशी आणून देईन.

कुर्डुवाडी येथे बार्शी लाइट रेल्वेचे छोटे संग्रहालय व्हावे. तेथे नॅरोगेजचा कारखाना होता, ब्रॉडगेजची मोठी गाडी थांबते, पंढरपूरला जाणारे लोक तेथूनच जातात. त्या मार्गाची उरलेली इंजिने जेथे कोठे असतील तेथून एका छपराखाली आणावीत, आणि ते शक्य नसेल तर निदान त्यांच्यातील एक चांगल्या स्थितीत तेथे असावे.

शेवटची मागणी माथेरानबाबत. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली ही दोन फुटी गेजची रेल्वे १९०७ साली सुरू झाली आणि तिच्यासाठी जर्मनीतील ऑरेनस्टाइन अँड कोपल कंपनीने चार इंजिने बनवली. वीस फुटांत एक फूट चढणारा रस्ता आणि अतिशय तीव्र वळणे यांवर ती तग धरू शकली, कारण त्यांचे पहिले आणि शेवटचे आस वळणावर थोडे फिरू शकतील, अशी रचना त्यांत होती. ऐंशीच्या दशकात तेथील वाफ संपली. त्या चारपैकी एक दिल्लीच्या संग्रहालयात आहे आणि एक इंग्लंडला गेले आहे. माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, याची मला जाणीव आहे. रोज धूर सोडणारी गाडी तेथे असावी असे मी म्हणत नाही. निलगिरीप्रमाणे तेलावर चालणारे एक इंजिन वर्षातील काही ठराविक दिवशी, पावसाळा सोडून, नेरळपासून निदान पहिल्या काही किलोमीटरपर्यंत चालवता येईल का, याचा तांत्रिक अभ्यास गोल्डन रॉक कारखान्याकडून करून घ्यावा आणि अहवाल जाहीर करावा. अभ्यासाअंती ते शक्य नाही असे ठरले, तर ते कारणांसह कळवावे. आम्ही ते मान्य करू.

या पत्रातील प्रत्येक मागणीला वेगवेगळे, लेखी आणि जाहीर उत्तर मिळावे. पाहणीसाठी अधिकारी आले तर गावातील निवृत्त फिटर, ड्रायव्हर आणि खलाशी (रेल्वेतले मदतनीस) त्यांच्यासोबत उभे राहून इंजिनाचा प्रत्येक भाग दाखवायला तयार आहेत. दिवस आणि वेळ कळवावी.

आपली विश्वासू,
एका बॉयलरमेकरची मुलगी व निवृत्त शिक्षिका
सोलापूर जिल्हा